उसनी घेतलेली भूमी : सांबरा आणि नेवाळी

बेळगावची रेल्वे फाटके ओलांडून टिळकवाडीत शिरले म्हणजे काँग्रेस रस्त्याच्या बाजूस एक जुनी विहीर लागते. इ. स. १९२४ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे एकोणचाळिसावे अधिवेशन येथे भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. स्वागताची सारी जबाबदारी गंगाधरराव देशपांडे यांनी शिरावर घेतली होती. मोकळ्या माळावर राहुट्या उभारून एक अख्खे नगर वसविण्यात आले आणि त्यास विजयनगर असे नाव देण्यात आले. हजारो माणसांना पाणी हवे, म्हणून ही विहीर खणली गेली. अधिवेशन संपले, पाहुणे आपापल्या गावी गेले, राहुट्या उतरल्या आणि माळ पुन्हा माळ झाला. विहीर मात्र राहिली. चार दिवसांच्या कार्यासाठी घेतलेली जागा परत करताना गावास काही तरी देऊन जावे, ही आपली जुनी रीत. लग्नमंडप उतरला तरी अंगणात मेढीची खूण राहते, तशी ही विहीर आहे.

या घटनेनंतर अठरा वर्षांनी याच शहराच्या पूर्वेस, दहा-अकरा किलोमीटरांवर, आणखी एका कार्यासाठी भूमी घेतली गेली. तेही कार्य तात्पुरतेच म्हणावयाचे, कारण कोणतेही युद्ध कायमचे नसते. परंतु ती भूमी मात्र परत आली नाही. सांबरा येथील विमानतळाची ही कथा आहे. तिच्यासोबतच कल्याणजवळच्या नेवाळी येथील धावपट्टीची कथा सांगितली पाहिजे, कारण एकाच युद्धाची ही दोन अपत्ये असून त्यांची कुंडली मात्र सर्वस्वी भिन्न निघाली. एक अजून नांदते आहे. दुसरे ऐंशी वर्षे बेवारशासारखे पडून राहिले आणि त्याच्या मालकीवरून अलीकडे रक्त सांडले.

युद्ध दाराशी आले तेव्हा

दुसऱ्या महायुद्धाची पहिली दोन वर्षे हिंदुस्थानास ती दूरच्या आगीसारखी होती. धूर दिसे, आच लागत नसे. इ. स. १९४२ च्या आरंभी हे चित्र पालटले. १५ फेब्रुवारी रोजी सिंगापूर पडले. ८ मार्च रोजी जपानी सेना रंगूनमध्ये शिरली. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कोलंबो आणि त्रिंकोमाली यांवर विमानहल्ले झाले आणि ६ एप्रिल रोजी विशाखापट्टणम् व काकीनाडा या आपल्या किनाऱ्यावरील शहरांवर बॉम्ब पडले. तोवर साम्राज्य सरकारची सारी दृष्टी वायव्य सरहद्दीकडे होती. शत्रू आला तर खैबरच्या वाटेने येईल, हे शंभर वर्षांचे गृहीत. पूर्वेकडून समुद्रावरून कोणी येईल, याची तयारी नव्हती. विमानांना उतरण्यास पुरेशा पक्क्या धावपट्ट्याही पूर्वेत आणि दक्षिणेत नव्हत्या.

मग एकच धांदल उडाली. बंगाल-आसामपासून मद्रासपर्यंत आणि तेथून मुंबई इलाख्यापर्यंत दोनशेंहून अधिक विमानतळांची आखणी झाली. सीमेजवळचे तळ लढण्यासाठी होते. बेळगाव, पुणे, कल्याण अशा आतल्या बाजूच्या ठिकाणांचे काम निराळे होते. तेथे वैमानिक आणि तंत्रज्ञ शिकवून तयार करावयाचे, सैन्य व सामग्री एकत्र करावयाची आणि ती पुढे धाडावयाची. सांबरा येथील तळ याच वर्षी, म्हणजे १९४२ साली, रॉयल एअर फोर्सने उभारला. पुढच्या वर्षी लॉर्ड माउंटबॅटन यांच्या नेतृत्वाखाली आग्नेय आशिया सेनाविभाग स्थापन झाला, तेव्हा त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या प्रशिक्षणस्थळांत सांबऱ्याची गणना होती.

बागलकोट रस्त्याने बाळेकुंद्रीच्या पंत महाराजांच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांस हा परिसर नवा नाही. दत्तभक्तीच्या पदांनी बेळगाव प्रांत भारून टाकणाऱ्या या सत्पुरुषाचे निर्वाण १९०५ साली झाले. आश्विनातील उत्सवास त्यांच्या समाधीकडे जाणारी वाट सांबऱ्यावरूनच जाते. म्हणजे ज्या वाटेने पालख्या आणि दिंड्या चालल्या, तिच्याच कडेस चाळीस वर्षांच्या आत विमानांची घरघर सुरू झाली.

विमानतळासाठी जागा कशी निवडीत, हेही पाहण्यासारखे आहे. विमानास उतरताना आणि उडताना वारा समोरून हवा. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून सांबऱ्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम पडलेली आहे. भूमी सपाट हवी, पाण्याचा निचरा व्हावा, जवळ डोंगर नसावा, रस्ता आणि आगगाडी हाताशी असावी. हे सारे गुण ज्या भूमीत असतात ती भूमी बहुधा शेतीसही उत्तम असते, किंवा निदान गुरे चारण्याचे गायरान असते. म्हणून युद्धाची गरज आणि कुणब्याची गरज एकाच जागेवर येऊन आदळत.

पुढचे काम हातांचे. दगड फोडावयाचा, खडी पसरावयाची, तीवर मुरूम घालून पाणी शिंपडावयाचे आणि रूळ फिरवावयाचा. त्या काळी हिंदुस्थानातल्या बहुतेक तळांवर यंत्रे थोडी आणि डोक्यावर पाट्या घेतलेले स्त्री-पुरुष पुष्कळ, असाच देखावा होता. या कामाचा एक परिणाम मात्र ध्यानात ठेवावा. धावपट्टीसाठी वरची सुपीक माती खरवडून काढतात आणि खालचा थर दाबून इतका घट्ट करतात की त्यातून पाणी मुरत नाही. अशी भूमी उद्या परत मिळाली तरी ती पूर्वीची भूमी नसते. विहिरीतून काढलेले पाणी पुन्हा विहिरीत ओतता येते, परंतु दाबलेल्या मातीस पुन्हा भुसभुशीत होण्यास एक पिढी लागते.

दोन शब्दांतील अंतर

या साऱ्या प्रकरणाचे मर्म कायद्याच्या दोन शब्दांत आहे. ते वाचकांनी नीट समजून घ्यावे, कारण पुढचा सारा तंटा त्यांतूनच उभा राहिला.

सरकारला खाजगी भूमी कायमची हवी असेल तर तिचे संपादन करावे लागे. त्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा होता. त्यात जाहीर सूचना, हरकती, मोबदल्याचा निवाडा अशा पायऱ्या होत्या आणि शेवटी मालकी सरकारकडे जाई. परंतु युद्धकाळात इतका वेळ कोणास? म्हणून १९३९ चा भारत संरक्षण कायदा आणि त्याखालील नियम यांचा आधार घेण्यात आला. त्यांतील ७५-अ या नियमान्वये सरकारला कोणतीही स्थावर-जंगम मालमत्ता अधिग्रहित करता येई. अधिग्रहण म्हणजे ताबा. मालकी मूळ धन्याचीच राहते, वापर मात्र सरकारचा, आणि त्या वापराबद्दल भरपाई द्यावयाची. गरज संपली की वस्तू ज्याची त्यास परत. थोडक्यात, संपादन म्हणजे खरेदी आणि अधिग्रहण म्हणजे उसनवारी.

तथापि त्याच नियमात एक दार उघडे ठेवलेले होते. अधिग्रहित मालमत्ता सरकारला पुढे संपादितही करता येई, आणि त्यासाठी मालकास नोटीस बजावणे पुरेसे असे. ही नोटीस कोणास मिळाली, कोणास मिळाली नाही, मिळाली ती कोणत्या भाषेत होती आणि ती ज्याच्या हाती पडली त्यास वाचता येत होते की नाही, या प्रश्नांवर पुढे हजारो कुटुंबांचे भवितव्य लोंबकळत राहिले. अंगठा उठविणाऱ्या कुणब्याच्या लेखी साहेबाचा माणूस आला, लढाईसाठी रान पाहिजे म्हणाला आणि लढाई संपली की परत देऊ म्हणाला, एवढीच ती गोष्ट होती.

युद्ध १९४५ च्या ऑगस्टात संपले. भारत संरक्षण नियमांची मुदत १९४६ च्या सप्टेंबरअखेर सरली. त्याबरोबर उसने घेतलेले सारे परत जावयास हवे होते. परंतु आधी वटहुकूम आणि मग १९४७ चा कायदा करून अधिग्रहणाचे अधिकार चालू ठेवण्यात आले. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली स्थावर मालमत्तेच्या अधिग्रहण व संपादनाचा स्वतंत्र कायदा झाला. मालमत्ता किती वर्षे अडकवून ठेवावी यास कालांतराने दुरुस्ती करून मर्यादा घातली गेली, आणि ती मर्यादा पुढे पुन्हा पुन्हा वाढविण्यात आली. राज्यकर्ते बदलले, ध्वज बदलला, दप्तर मात्र तेच राहिले.

बेळगावच्या बाबतीत दप्तरासही प्रवास घडला. १९४२ साली हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. मराठीत वा इंग्रजीत लिहिलेल्या जुन्या नोंदींपुढे कानडी नोंदी आल्या. एखाद्या कुटुंबास आपल्या आजोबांच्या रानाची मूळ हकीकत शोधावयाची तर तीन भाषा आणि दोन राजधान्या ओलांडाव्या लागतात.

एका साम्राज्याचा तळ, दुसऱ्या साम्राज्याचा अंत

सांबऱ्याच्या तळास युद्धानंतर ओसाडी आली असती तर नवल नव्हते. परंतु भूगोलाने त्यास वाचविले. पश्चिमेस सह्याद्री उतरला की गोवा, आणि गोव्यात अद्याप पोर्तुगीज ठाण मांडून होते. बेळगाव हे मुक्तिसंग्रामाचे मागचे अंगणच झाले होते. गोवा नॅशनल काँग्रेसचे कार्य येथून चाले. शिक्षणासाठी आणि आश्रयासाठी आलेल्या गोमंतकीय कुटुंबांची घरे शहरात ठिकठिकाणी होती. १९५५ च्या सत्याग्रहानंतर आगगाडीची वाट बंद झाली आणि एकाच कुळातील माणसे घाटाच्या दोन बाजूंस अडकून पडली. त्याच वर्षी पोर्तुगिजांनी मुरगाव तालुक्यात दाबोळी येथे आपला विमानतळ सुरू केला.

१९६१ च्या डिसेंबरात मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या आधिपत्याखालील सतरावी पायदळ डिव्हिजन बेळगावच्या परिसरात एकवटली. विमानदलाच्या कारवाईची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती आणि त्यांच्या हाती मुख्यतः दोन तळ होते, पुणे व सांबरा. १८ डिसेंबरच्या सकाळी पुण्याहून उडालेल्या बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली. प्रवाशांच्या इमारतीस आणि नियंत्रण मनोऱ्यास धक्का लावू नये, असा हुकूम होता आणि तो पाळला गेला. त्याच सुमारास सांबऱ्याहून निघालेल्या सहा हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले आणि गोव्याचा लिस्बनशी संबंध तुटला. त्या रात्री फुटक्या धावपट्टीच्या उरलेल्या तुकड्यावरून दोन पोर्तुगीज विमाने कशीबशी उडून कराचीकडे निसटली. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरच्या संध्याकाळी, गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. चारशे एकावन्न वर्षांची सत्ता अशी छत्तीस-चाळीस तासांत संपली.

या मासिकाच्या वाचकांस येथे थोडे थांबावेसे वाटेल. ज्या मुरगाव तालुक्यात दाबोळी आहे, त्याच तालुक्यात कुठ्ठाळ आहे. तेच आपले कुशस्थळी, श्रीमंगेशाचे मूळ स्थान. सोळाव्या शतकात देवालयांवर गदा आली तेव्हा श्रीमंगेश जुवारी नदी ओलांडून प्रियोळास आले. केळशीहून श्रीशांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याहून श्रीम्हाळसा म्हार्दोळास गेली. भक्तांनी मूर्ती डोक्यावर घेतल्या, परंतु भूमी डोक्यावर घेता येत नाही. ती मागे राहिली. ज्यांच्या कुलदैवताच्या नावातच मागे राहिलेल्या गावाची आठवण आहे, त्यांस स्थान सुटणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. मूळ स्थानाचे नाव आजही संकल्पात आणि आरतीत उच्चारले जाते, म्हणून ते हरवलेले नाही. सांबऱ्याचा तळ त्या परसत्तेच्या अंतास कारण झाला, याचा आनंद आम्हांस आहेच. साम्राज्याने साम्राज्यासाठी बांधलेली धावपट्टी दुसऱ्या साम्राज्याच्या अंतास उपयोगी पडावी, यात काळाचा न्याय दिसतो. परंतु एखाद्या उपकरणाचा उपयोग चांगला झाला म्हणून ते ज्याच्या घरून आणले त्याचे देणे फिटत नाही, हेही तितकेच खरे.

पुढे सांबऱ्यास विमानदलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र नांदू लागले. देशाच्या कानाकोपऱ्यांतील तरुण विमानसैनिक होण्याचे पहिले धडे येथे घेतात. २०२३ सालापासून अग्निवीरवायू म्हणून भरती झालेल्या तरुणांच्या तुकड्याही येथूनच बाहेर पडू लागल्या. नागरी विमानसेवा मात्र अनेकदा सुरू झाली आणि अनेकदा खंडित झाली. अखेर विस्तारासाठी सुमारे ३७० एकर जादा भूमी घेण्यात आली, धावपट्टी सुमारे २,३०० मीटरांपर्यंत वाढविण्यात आली आणि १४ सप्टेंबर २०१७ रोजी नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले. १९४२ च्या घाईत आखलेली रेघ अशी कायमची झाली.

कल्याणची छावणी आणि नेवाळीचे रान

आता दुसऱ्या अपत्याकडे वळू. कल्याण हे बंदर म्हणून प्राचीन, आणि आगगाडीचा फाटा म्हणून अर्वाचीन काळातही महत्त्वाचे. महायुद्धात या परिसरात सैन्याची प्रचंड छावणी पडली. तिचे पाच भाग होते. तिच्याच जवळ, मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास, नेवाळी, भाल, द्वारली आदी गावांच्या रानात धावपट्टी झाली. घेतलेली भूमी सुमारे १,६७६ एकर भरते. येथून अंबरनाथ फार दूर नाही. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवालय तेथे उभे आहे. ज्या मातीतून त्या मंदिरास पुष्पपत्रे आणि धान्य गेले असेल त्याच मातीवर डांबर पसरले.

युद्ध संपताच कल्याणची छावणी रिकामी झाली. तिचे पुढे काय करावे, हा प्रश्न इतिहासाने चुटकीसरशी सोडविला. फाळणी झाली आणि सिंधमधून उद्ध्वस्त होऊन आलेले सुमारे एक लाख निर्वासित या बराकींत आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. सैनिकांच्या लांबलचक बराकींत मधोमध गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबांनी संसार मांडले, आणि एका पिढीत तेथे बाजारपेठेचे शहर उभे राहिले. युद्धाचे ओझे उतरवून भूमी पुन्हा माणसांच्या कामी येऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

धावपट्टीच्या वाट्यास असे भाग्य आले नाही. तेथे ना तळ नांदला, ना गाव वसले. विमाने गेली आणि डांबराच्या भेगांतून गवत वर आले. धावपट्टीच्या भोवतालच्या मोकळ्या रानात मूळ मालकांचे वंशज हळूहळू परतले. बांध घातले, भात लावले, गुरे चारली. वर्षे लोटली तशी त्यांची खात्री पटत गेली की भूमी आपलीच आहे. दप्तरात मात्र ती संरक्षण खात्याची राहिली. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की ही भूमी युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपले, ती आमची आम्हांस द्या. संरक्षण खात्याचे म्हणणे असे की ही संरक्षणाची भूमी आहे, तीवरील अतिक्रमण रोखणे आमचे कर्तव्य आहे. दोन्ही पक्षांच्या बोलण्याच्या मुळाशी तेच दोन शब्द आहेत, अधिग्रहण आणि संपादन.

२०१७ साली नौदलाने या भूमीभोवती भिंत घालण्यास आरंभ केला. ज्येष्ठ-आषाढाचे दिवस होते. पाऊस तोंडावर, पेरणीची लगबग, आणि रानात पाऊल टाकण्यास मज्जाव. कोकणातील भातशेतकऱ्यास हे दिवस म्हणजे वर्षाचा श्वास. तो चुकला की सारे वर्ष चुकले. २२ जून २०१७ रोजी लोकांचा संयम सुटला. रस्ते अडविण्यात आले, पोलिसांची वाहने जाळण्यात आली, पोलिसांनी छऱ्यांच्या बंदुका चालविल्या. दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. १९४५ साली संपलेल्या युद्धातील एक चकमक बहात्तर वर्षांनी आपल्याच माणसांत झडली, असेच म्हणावे लागते. जाळपोळीचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु इतकी वर्षे कोणत्याही अधिकाऱ्यास बसून कागद तपासावेत, नोटिसा कोणास पोचल्या ते पाहावे आणि हिशेब मिटवावा असे का वाटले नाही, हा प्रश्न भिंतीहून उंच आहे.

परदेशातील दोन दाखले

हा प्रश्न आपल्याच देशाचा आहे असे नव्हे. ज्या इंग्लंडाने आपणांस हे कायदे दिले, तेथेही असेच घडले. लंडनच्या पश्चिमेस हीथ रो नावाची एक वाडी होती. भोवती भाजीपाल्याचे उत्कृष्ट मळे होते. १९४४ साली युद्धकालीन अधिकारांच्या बळावर, विमानदलास तातडीने तळ हवा असे सांगून ती वाडी घेण्यात आली. तळ पुरा होण्यापूर्वीच युद्ध संपले आणि १९४६ साली तेथे नागरी विमानतळ सुरू झाला. तत्कालीन विमानखात्याचे उपमंत्री हॅरल्ड बॅल्फोर यांनी पुढे आपल्या आठवणींत कबूल केले की नागरी विमानतळ हाच मनातला खरा हेतू होता. युद्धकालीन अधिकार वापरले की चौकशीचा खोळंबा टळतो, म्हणून लष्कराचे निमित्त पुढे करण्यात आले. आज जगातील अत्यंत गजबजलेल्या विमानतळांत त्याची गणना होते. वाडीचे नाव विमानतळास राहिले, वाडी राहिली नाही.

दुसरा दाखला याच्या उलट आहे. बर्कशरमधील ग्रीनहॅम येथे गावाची सामायिक कुरणे होती. १९४२ साली, म्हणजे सांबऱ्याच्याच वर्षी, तेथे विमानतळ झाला. पुढे तेथे अमेरिकेची अण्वस्त्रे आली आणि त्यांविरुद्ध १९८१ पासून स्त्रियांनी कुंपणाबाहेर तळ ठोकला. शीतयुद्ध संपल्यावर अस्त्रे परत गेली, धावपट्टी उखडून तिची खडी रस्त्याच्या भरावास वापरली गेली आणि २००० साली ती कुरणे लोकांसाठी पुन्हा खुली झाली. तेथे आता गुरे चरतात. अठ्ठावन्न वर्षे लागली, परंतु उसने परत गेले. धावपट्टी उखडता येते आणि कुंपण काढता येते, हे एवढ्यावरून सिद्ध होते. त्यासाठी हवी असते ती जागेवरच्या लोकांची दीर्घ स्मृती.

स्मृती हाच दस्तऐवज

आमच्या मते या साऱ्या कथेचा बोध हाच आहे. सांबऱ्याची धावपट्टी उखडावी असे कोणी म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही. देशास विमानतळ हवेत, सैनिकांस शिक्षण हवे, आणि टिळकवाडीतील कोणाचा तरी मुलगा सणास घरी यावा म्हणून सकाळचे विमान वेळेवर उतरावे, हे आम्हांसही हवे आहे. परंतु ज्या गावांनी ही भूमी दिली त्यांच्या त्यागाची नोंद कोठे आहे? नव्या इमारतीत फिरताना येथे पूर्वी कोणती शेते होती, हे कोणास कळावे असा एक दगडही नसावा, हे उचित नव्हे.

आपल्याकडे प्रत्येक शेतास नाव असते. कोणते वडाचे, कोणते देवाचे, कोणते तळ्याकाठचे, कोणते थोरल्या वाट्याचे. सरकारी दप्तरात शेतास क्रमांक असतो, परंतु घरात नावच चालते. धावपट्टी येते तेव्हा पहिल्यांदा ही नावे मरतात. ज्या पिढीने ती उच्चारली ती पिढी आता जवळजवळ सरली आहे. त्यांची मुले सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी जे ऐकले ते आज लिहून घेतले नाही तर उद्या ते कोणी सांगणार नाही.

हे काम कोणी करावे? सरकारने करावे असे म्हणणे सोपे आहे. परंतु आपल्या समाजात नोंदी जपण्याची जुनी परंपरा देवस्थानांची आहे. कोणी किती तेल वाहिले, कोणत्या रानाच्या उत्पन्नातून नंदादीप चाले, कोणत्या घराकडे पालखीचा मान, हे देवळाच्या वह्यांत शतकभर टिकते. देशोधडीला लागलेल्या दैवतांची मूळ गावे आपणांस ठाऊक राहिली ती याच परंपरेमुळे. मग विमानतळालगतच्या गावांतील देवस्थान समित्यांनी आपल्या जुन्या वह्या उघडाव्यात. १९४२ पूर्वीचे उतारे, भरपाईच्या पावत्या, नोटिसांचे कागद ज्यांच्या घरी पेटीच्या तळाशी असतील त्यांच्याकडून त्यांच्या नकला घ्याव्यात. वृद्धांस उत्सवाच्या निमित्ताने एकत्र बसवून शेतांची नावे, वाटा, विहिरी आणि देवांची ठाणी यांचा एक नकाशा करावा. यास पैसा थोडा लागतो, चिकाटी पुष्कळ लागते. ग्रामदैवताच्या जत्रेचा हिशेब जो चोख ठेवतो त्याच्याच हातून हे काम चोख होईल.

अशा नोंदीमुळे गेलेली भूमी परत येईलच असे नाही. परंतु नेवाळीसारखा तंटा उद्या आणखी कोठे उभा राहिला तर दगडाऐवजी कागद हाती असेल. आणि तंटा उभा राहिला नाही तरी नातवास आजोबांच्या रानाचे नाव सांगता येईल. हे लहान लाभ नव्हेत.

टिळकवाडीतील ती विहीर आम्ही अनेकदा पाहतो. चार दिवसांच्या पाहुण्यांनी ती मागे ठेवली आणि शंभर वर्षांनंतरही लोक तिला त्या कार्याच्या नावाने ओळखतात. सांबऱ्याकडून उडालेले विमान कधी कधी त्याच आकाशातून जाते. ज्या भूमीने त्यास आधार दिला तिचे नाव विमानास ठाऊक असण्याचे कारण नाही. आपणांस मात्र ते ठाऊक असले पाहिजे.